ताप नसताना डॉक्टर ठरवा

डोंबिवलीत डॉक्टरांची वानवा नाही. फडके रोड असो की मानपाडा रोड, दवाखान्यांच्या पाट्या जागोजागी दिसतात. तरीही माझं कळकळीचं सांगणं आहे, की घराला एकच डॉक्टर ठरवा, आणि अंगात ताप नसताना ठरवा.

पहाटे डबा भरून लोकल गाठायची आणि रात्री उशिरा घरी परतायचं, या दिनक्रमात आजारपणाला जागाच नसते. मग अंग मोडून आलं की मेडिकलवाल्याला विचारून गोळी घ्यायची, छातीत जळजळलं की थेट हृदयरोगतज्ज्ञ गाठायचा आणि गुडघा धरला की थेट हाडांचा डॉक्टर. प्रत्येक जण आपापल्या जागी योग्य औषध देतो, पण सगळी औषधं एकत्र कोणीच पाहत नाही. बीपीची गोळी चालू असलेला माणूस गुडघ्यासाठी महिनोन्‌महिने वेदनाशामक गोळ्या घेत राहिला, तर त्याचं बीपी चढू शकतं आणि मूत्रपिंडावरही ताण येतो. बीपी उतरत नाही म्हणून मग त्याचीच आणखी एक गोळी सुरू होते. दोन्ही चिठ्ठ्या एका टेबलावर ठेवून वाचणारा कोणी असता, तर हे तिथल्या तिथे लक्षात आलं असतं. फॅमिली डॉक्टर हवा तो यासाठी.

निवडताना आधी पदवी आणि नोंदणी क्रमांक बघा. तो क्रमांक दवाखान्यात लावणं आणि चिठ्ठीवर छापणं डॉक्टरांना बंधनकारक आहे. विचारायला संकोच नको. दवाखाना रिक्षाविना जाता येईल इतका जवळ असावा, आणि तुम्ही कामावरून परतल्यावर उघडा असावा. डॉक्टर गावाला गेले तर कोणाकडे जायचं, हेही आधीच विचारून ठेवा.

पण खरी पारख त्यांच्या वागण्यात होते. बीपी मोजल्यावर आकडा केसपेपरवर लिहितात का? घरात कोणाला मधुमेह, हृदयविकार आहे का, हे विचारतात का? वेळ आली की चिठ्ठी देऊन मोठ्या डॉक्टरांकडे पाठवतात का? आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, ‘साधी सर्दी आहे, अँटिबायोटिक नको, ताप तीन दिवसांत उतरला नाही तर या’ असं सांगण्याचं धाडस त्यांच्यात आहे का? असा डॉक्टर मिळाला तर त्याला सोडू नका. इंजेक्शन किंवा सलाइन दिलं नाही म्हणजे फी वाया गेली, असं मानणारी माणसं अजून आपल्यात आहेत. त्यांच्या आग्रहामुळे चांगले डॉक्टरही नाइलाजाने सुई उचलतात.

एक साधी फाईल करा. घरातल्या प्रत्येकासाठी वेगळी, जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले, आणि वर एका कागदावर चालू गोळ्यांची नावं. आईवडील डोंबिवलीत आणि मुलं पुण्याला किंवा परदेशात अशी घरं आता कितीतरी आहेत. तिथे रात्री-अपरात्री शेजाऱ्यांनी धावाधाव करायची वेळ आली, तर तीच फाईल कामाला येते.

आता तपासण्यांचं. सवलतीतल्या ‘फुल बॉडी चेकअप’ची जाहिरात पाहून धावू नका, तुमचं वय आणि घराण्यातले आजार पाहून काय लागतं ते डॉक्टरांना ठरवू द्या. तिशीनंतर बीपी आणि रक्तातली साखर मात्र नियमित बघायलाच हवी, कारण दोन्ही आजार वर्षानुवर्षं काही दुखू न देता वाढतात. बीपी १४०/९० किंवा त्याहून अधिक पुन्हा पुन्हा येत असेल, किंवा उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त आली, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. बीपी मोजायला जिना चढून आल्या आल्या हात पुढे करू नका. आधी पाच मिनिटं पाठ टेकून स्वस्थ बसा, चहा अर्धा तास आधीच झालेला असू द्या. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, पाय आणि लघवीतली प्रथिनंही तपासून घ्या. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलं, तर लेप्टोस्पायरोसिसची प्रतिबंधक गोळी हवी का, हे ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारा.

या सगळ्यात घरातली बाई शेवटी उरते. सगळ्यांचे रिपोर्ट तिला पाठ असतात, तिचा एकही नसतो. सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढच्या सर्वांसाठी बीपी, मधुमेह आणि तोंडाच्या कॅन्सरची तपासणी आहे, आणि स्त्रियांसाठी स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचीही. गर्भाशयमुखाची तपासणी काही मिनिटांत होते आणि आजार सुरुवातीलाच सापडला तर बरा होतो. पैशांची अडचण असेल तर महापालिकेच्या जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात किंवा डोंबिवली पश्चिमेच्या शास्त्रीनगर रुग्णालयात चौकशी करा. आणि मुलगी ९ ते १४ वर्षांची असेल, तर हा कॅन्सर टाळण्यासाठीच्या एचपीव्ही लशीबद्दल आताच विचारा, कारण या वयात ती सर्वाधिक उपयोगी पडते.

या आठवड्यात एका संध्याकाळी घरी येताना वाटेतल्या दवाखान्यात डोकवा, वेळ विचारा, आणि घरातल्या बाईला घेऊन पहिल्यांदा तिचंच बीपी मोजून घ्या.