हिवाळ्याची सकाळ आणि शाळेची घंटा

झाशीजवळील बबीना छावणीत जानेवारीच्या मध्यास सूर्योदय सातच्या सुमारास होतो. धुके दाटले की उजेडास आणखी विलंब. अशा प्रहरी रजई न सोडणाऱ्या मुलास आळशी ठरविणे सोपे असते. वस्तुतः 22 डिसेंबरनंतर दिवस वाढू लागला, तरी पहाट जानेवारीच्या मध्यापर्यंत अधिकच लांबत जाते. शरीराच्या घड्याळास किल्ली उजेडाची लागते, गजराची नव्हे. जवानाची कवायत टळत नाही, हे मान्य. परंतु तोच दंडक बालकांना कशासाठी? महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी न भरविण्याचे ठरविले. (मुंबईचा सूर्य तर बबीनापेक्षाही उशिरा उगवतो!) थंडीच्या लाटेत ऐनवेळी आदेश काढण्यापेक्षा उत्तरेतील प्रत्येक शाळेने जानेवारीचे वेळापत्रक सूर्योदय पाहून आखावे.