'गुन्हा कबूल आहे, साहेब!'

परवा सकाळी अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत काम करणारा एक तरुण घरी आला. हातात बँकेतल्या शिपायाच्या जागेचा अर्ज होता. 'न्यायालयाने पूर्वी दोषी ठरवले आहे काय?' या रकान्यावर बोट ठेवून त्याने विचारले, "काका, इथे काय लिहू?"

नऊ वर्षांपूर्वी कारखान्यातून तांब्याचे भंगार गेले आणि नाव याचे आले. वकील पाच मिनिटे भेटले. "कबूल कर, कोर्ट उठेपर्यंत बस, दंड भर, सुटलास. लढलास तर वर्षानुवर्षे तारखा." रोजंदारीच्या माणसाला खाडा परवडत नाही. तो कबूल झाला. खरे सांगायचे तर त्याच्या वडिलांना तेव्हा मीही 'मिटवून टाका' असेच सांगितले होते. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला बँकेने नोकरीत ठेवू नये, असे बँकिंग नियमन कायद्याचे दहावे कलम सांगते आणि चोरी त्यातच धरली जाते. जन्म बँकेत काढलेल्या मला ते आठवले नाही!

"मग रकाना कोराच ठेवतो." तेही चालत नाही. माहिती दडवली म्हणूनही नोकरी जाऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग खटल्यात २०१६ साली स्पष्ट केले आहे.

मग दारे कोणती? गुन्हा कबूल करणाऱ्याला अपील करता येते ते फक्त शिक्षेचे प्रमाण आणि तिची वैधता यांपुरते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे ३७५ वे कलम हेच सांगत होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे ४१६ वे कलमही तेच सांगते. पण या अरुंद दारालाही अर्थ आहे. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली अपिलातही शिक्षेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येते आणि तसे सोडल्यास दोषसिद्धीची अपात्रता चिकटत नाही. नोकरीची हमी मात्र त्यात नाही.

दुसरे दार पुनरीक्षणाचे. ते सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात करता येते. मुदत नव्वद दिवसांची. उशीर माफ होऊ शकतो, पण नऊ वर्षांचा हिशेब द्यावा लागतो. तिसरे दार उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचे.

'वकिलाने सांगितले म्हणून' एवढ्यावर मात्र कोणी ऐकत नाही. म्हणून आधी निकालपत्राची, रोजनाम्याची आणि कबुलीच्या नोंदीची नक्कल काढावी. आरोप समजेल अशा भाषेत सांगितला होता का? कबुली आरोपीच्याच शब्दांत आहे की छापील नमुन्यावर नुसती सही? आरोपीचे शब्द शक्यतो जसेच्या तसे नोंदवावेत, हा नियम सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकातच गंभीरपणे घेतला होता. हलक्या शिक्षेचे आमिष दाखवून घेतलेली कबुली १९८० मध्ये कासमभाई खटल्यात न्यायमूर्ती भगवतींनी घटनाबाह्य ठरवली. पुढे २००६ पासून शिक्षेची तडजोड कायद्यात आली खरी, पण ती लेखी अर्जाने आणि न्यायाधीशांनी आरोपीला एकांतात विचारून. वकिलाच्या कानगोष्टीने नव्हे.

कबुली दिली की न्यायालयाचे काम संपते, असेही नाही. जुलै २००९ मध्ये मुंबईत कसाबने अचानक गुन्हा कबूल केला, तेव्हा न्यायाधीश टहलियानी यांनी ती कबुली नोंदवून घेतली आणि खटला पुढे चालूच ठेवला. एवढ्या भयंकर गुन्ह्यातल्या आरोपीच्या कबुलीची पारख होते. भंगाराच्या चोरीतल्या हेल्परच्या कबुलीचीही व्हायला हवी.

मात्र एक सावधगिरी हवी. कबुली रद्द झाली तर निर्दोष सुटका होतेच असे नाही. खटला पुन्हा उभा राहू शकतो. वकिलाविरुद्ध बार कौन्सिलकडे तक्रार करता येते, पण तिने दोषसिद्धी पुसली जात नाही.

आणि हे सारे करायला पैसा? विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमात मोफत वकील मिळण्यास पात्र असलेल्यांत औद्योगिक कामगार स्पष्टपणे नोंदलेला आहे. ही गोष्ट एमआयडीसीच्या प्रत्येक गेटवर लावायला हवी.

त्या तरुणाने रकान्यात 'होय' लिहिले. सोमवारी आम्ही दोघे नकलेचा अर्ज द्यायला जाणार आहोत. फुकटचा सल्ला मीही दिला होता. निदान रांगेत तरी उभे राहायला हवे.