विश्लेषण : सुरगाण्याच्या संघाचे नाशिकपर्यंतचे भाडे कोण भरणार?

महाविद्यालयीन खेळांचा पैसा विद्यार्थ्यांच्या संख्येवर मिळतो, खर्च मात्र अंतरावर होतो. नाशिकपासून ९० किलोमीटरवरच्या छोट्या महाविद्यालयाचे गणित त्यामुळे पहिल्याच फेरीत बिघडते.

सुरगाणा ते नाशिक हे अंतर सुमारे ९० किलोमीटर, आणि त्यात घाटरस्ता. विभागीय स्पर्धेसाठी सकाळी नाशिकच्या मैदानावर हजेरी द्यायची, तर सुरगाण्यातील महाविद्यालयाच्या खो-खो संघाला पहाटे अंधारात निघावे लागते किंवा आदल्या दिवशी येऊन मुक्काम करावा लागतो. पहाटे निघायचे तर गाडी ठरवा, मुक्काम करायचा तर राहण्याची आणि दोन वेळच्या जेवणाची सोय करा. नाशिक शहरातील महाविद्यालयाचा संघ त्याच सामन्याला सिटी बसने किंवा दुचाकींवरून येतो आणि हरला तर दुपारच्या तासाला वर्गातही बसू शकतो. सामना एकच, नियम एकच; मैदानावर पाय ठेवण्याआधीचा खर्च मात्र दोघांचा एक नाही.

महाविद्यालयाकडे खेळासाठी पैसा येतो कुठून?

मुख्यतः विद्यार्थ्यांकडून. नाशिक जिल्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. प्रवेशाच्या वेळी शुल्काच्या पावतीवर जिमखाना किंवा क्रीडा शुल्काची एक छोटी ओळ असते. त्यातला काही वाटा विद्यापीठाकडे जातो, उरलेला महाविद्यालयाच्या जिमखान्यात राहतो. चेंडू, जाळी, गणवेश, प्रवेशिका, प्रवास, खेळाडूंचा नाश्ता हे सगळे त्यातूनच भागवायचे असते.

समजा, महाविद्यालयाच्या हाती विद्यार्थ्यामागे १०० रुपये उरतात. शहरातील ४,००० विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाकडे ४ लाख रुपये जमतील, ४०० विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाकडे ४० हजार. आता खो-खोचा १५ जणींचा संघ आणि सोबत दोन शिक्षक नाशिकला न्यायचे. जाणे-येणे, जेवण, चहा-नाश्ता मिळून माणशी ५०० रुपये धरले, तरी एका फेरीचे साडेआठ हजार झाले. खो-खो, कबड्डी, मैदानी स्पर्धा, क्रॉसकंट्री अशा चार फेऱ्या केल्या की ३४ हजार संपले. उरलेल्या सहा हजारांत वर्षभराचे साहित्य घ्यायचे. हे आकडे उदाहरणादाखलचे आहेत. शुल्क दुप्पट धरले तरी दोन महाविद्यालयांमधले दहापटीचे अंतर तसेच राहते.

विद्यापीठाच्या संघात निवड झाली की खेळाडूचा पुढचा खर्च विद्यापीठ उचलते. पण त्या निवडीपर्यंतच्या फेऱ्यांचा भार महाविद्यालयावर असतो, आणि छोटी महाविद्यालये गळतात ती नेमकी तिथेच.

आदिवासी तालुक्यात आणखी एक पेच आहे. वार्षिक अडीच लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांचे शुल्क बहुतांशी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतून येते. महाडीबीटी पोर्टलवर अर्ज, मग पडताळणी, मग मंजुरी, मग हप्ता असा त्याचा प्रवास. स्पर्धा मात्र पहिल्या सत्रात उरकायच्या असतात, कारण विद्यापीठाचे संघ हिवाळ्यातील आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी त्याआधी निवडावे लागतात. म्हणजे जिथे बहुतेक विद्यार्थी शिष्यवृत्तीवर शिकतात, तिथे खर्च आधी आणि पैसा नंतर. मधल्या काळात कोणीतरी शिक्षक स्वतःच्या खिशातून गाडीवाल्याला आगाऊ रक्कम देतो. ही गोष्ट कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

सरकारी अनुदान मिळत नाही का?

पूर्वी मिळत असे. अकराव्या आणि बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात विद्यापीठ अनुदान आयोग पात्र महाविद्यालयांना क्रीडा सुविधा आणि साहित्यासाठी निधी देत होता. बारावी योजना २०१७ मध्ये संपली आणि तो झराही आटला. राज्यात २००१ नंतर परवानगी मिळालेली बहुतेक वरिष्ठ महाविद्यालये कायम विनाअनुदानित आहेत. तिथे शिक्षकांचा पगारच शुल्कातून काढायचा असतो, मग खेळाचा क्रमांक कितवा लागणार?

देशात खेळावरचा खर्च वाढलेला आहे, यात शंका नाही. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात क्रीडा मंत्रालयाला सुमारे ३,७९४ कोटी रुपये मिळाले, त्यातले १,००० कोटी ‘खेलो इंडिया’साठी. या योजनेत निवडलेल्या खेळाडूवर वर्षाला ६ लाख २८ हजार रुपयांची तरतूद असून त्यातले दरमहा १० हजार थेट खेळाडूच्या हाती पडतात. योजना चांगलीच आहे. मात्र ती निवड झालेल्यांसाठी आहे. निवडीच्या मैदानापर्यंत पोहोचवणारी एसटी किंवा जीप कोणत्याच योजनेत बसत नाही.

राज्य सरकारनेही २०२२ मध्ये तालुका क्रीडा संकुलांच्या खर्चाची मर्यादा एक कोटीवरून पाच कोटी रुपयांवर नेली. पण हा सगळा बांधकामाचा पैसा. भिंत बांधायला निधी मिळतो, त्या भिंतीच्या आत शिकवणाऱ्याचा पगार आणि तिथून बाहेर स्पर्धेला जाण्याचे भाडे यांचे लेखाशीर्ष शोधत बसावे लागते.

या सगळ्यात सुरगाण्याच्या मुलींना खरा हात दिला तो क्रीडा खात्याने नव्हे, एसटीने. १७ मार्च २०२३ पासून राज्य परिवहनच्या सर्व गाड्यांत महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे. जानेवारी २०२५ मध्ये भाडे सुमारे १५ टक्क्यांनी वाढले तरी मुलींचा संघ मुलांच्या संघापेक्षा स्वस्तात नाशिकला पोहोचतो. मात्र हे अर्धे तिकीट एसटीतच चालते. सामन्याच्या वेळेला जुळणारी गाडी नसली, की खासगी जीपचे पूर्ण भाडे आलेच.

शारीरिक शिक्षण संचालक नसेल तर काय होते?

महाविद्यालयातील शारीरिक शिक्षण संचालक हे सहायक प्राध्यापकाच्या वेतनश्रेणीतले पद. त्यासाठी ५५ टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी, नेट-सेट किंवा पीएचडी आणि वर शारीरिक चाचणीही लागते. तिशीपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने १२ मिनिटांत १,८०० मीटर आणि महिला उमेदवाराने ८ मिनिटांत १,००० मीटर अंतर कापायचे असते. एवढ्या अटी पार करून माणूस तयार होतो, पण पदच निघत नाही. २०१८ मध्ये राज्य सरकारने अनुदानित महाविद्यालयांतील ४,७३८ पदे भरण्यास मान्यता दिली, त्यात शारीरिक शिक्षण संचालकांची पदे होती १३९. विनाअनुदानित महाविद्यालये या हिशेबात नाहीतच.

पद रिकामे असले की क्रीडा विभागाचा ‘अतिरिक्त कार्यभार’ भूगोलाच्या किंवा मराठीच्या प्राध्यापकाकडे येतो. बिचारा हौशी असला तर मुलांना मैदानावर घेऊन जातो. पण या कामातला कठीण भाग मैदानावर नसून कागदावर आहे. पात्रता अर्ज, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, वयाचा पुरावा, संघाची ऑनलाइन नोंदणी, तिची अंतिम तारीख. एक तारीख चुकली की संघ वर्षभरासाठी बाद.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात क्रीडा आणि तंदुरुस्ती यांसारख्या सहअभ्यासक्रमांना श्रेयांक मिळू लागले आहेत. खेळ गुणपत्रिकेवर आला, शिकवणारा मात्र अजून आलेला नाही.

आश्रमशाळेत खेळणाऱ्या मुली महाविद्यालयात का दिसत नाहीत?

सुरगाणा तालुक्याला खेळ नवा नाही. अलंगुण परिसरातील आदिवासी मुलींनी नाशिकच्या खो-खो संघांना गेल्या काही वर्षांत मोठे बळ दिले आहे. याचे श्रेय शाळा, आश्रमशाळा आणि वसतिगृहांना जाते. तिथे मुली एकत्र राहतात, दोन वेळचे जेवण मिळते, संध्याकाळी मैदान असते आणि आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प, विभाग, राज्य अशा पायरीपायरीने स्पर्धाही होतात. त्या स्पर्धांचा प्रवास खात्याच्या खर्चाने होतो.

बारावी झाली की ही व्यवस्था एका रात्रीत संपते. तीच मुलगी महाविद्यालयात येते तेव्हा ती उच्च शिक्षण विभागाची विद्यार्थिनी झालेली असते आणि तिच्या खेळाशी आदिवासी विकास विभागाचा संबंध उरलेला नसतो. ती पाड्यावरून रोज ये-जा करते, संध्याकाळच्या सरावाला थांबली तर परतीची काळी-पिवळी जीप चुकते. पावसाळ्यात इथली मैदाने चिखलात असतात आणि स्पर्धांचा हंगाम नेमका तेव्हाच सुरू होतो. भात-नागलीची कापणी उरकली की अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात. थोरली मुलगी एक तर सोबत जाते, नाही तर मागे राहून घर सांभाळते. प्रशिक्षकाच्या वहीत तिच्या नावापुढे ‘गैरहजर’ अशी नोंद होते.

जिल्ह्याने पाहिलेले सर्वात मोठे उदाहरण कविता राऊत यांचे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या या धावपटूने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. पण त्यासाठी त्यांना नाशिकमध्ये भोसला सैनिकी शाळेच्या मैदानावर प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्याकडे यावे लागले. पाड्यावर गुणवत्ता आणि शहरात व्यवस्था, ही विभागणी तेव्हा होती, आजही फारशी बदललेली नाही.

सुरगाण्याला लागून असलेल्या गुजरातच्या डांग जिल्ह्याकडेही पाहावे. तेच डोंगर, तीच नागली, सीमेच्या दोन्ही बाजूंना नातीगोती. डांगच्या सरिता गायकवाड आधी खो-खो खेळत, मग धावू लागल्या आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ४ बाय ४०० मीटर रिलेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होत्या. त्याच जिल्ह्यातील मुरली गावित यांनी २०१९ मध्ये दोहा येथील आशियाई मैदानी स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेतले. २०२२ च्या अखेरीस सुरगाण्यातील काही सीमेवरच्या गावांनी सुविधा मिळत नसतील तर आम्हाला गुजरातमध्ये जाऊ द्या, अशी मागणी केली होती. तिची चर्चा रस्ते आणि दवाखान्यांपुरती झाली. खेळाचा त्यात उल्लेख नव्हता, पण तुलना करणाऱ्यांना ती इथेही करता येते.

पदक नाही मिळाले तर खेळून उपयोग काय?

हा प्रश्न पालक विचारतात आणि त्याचे उत्तर पदकात शोधण्याची गरज नाही. पोलीस शिपाई भरतीत ५० गुणांची मैदानी चाचणी असते. मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. वनरक्षक भरतीत मुलांना पाच, मुलींना तीन किलोमीटर धावावे लागते. जंगलाच्या तालुक्यातील मुला-मुलींसाठी या सर्वात ओळखीच्या सरकारी नोकऱ्या. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षणही आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्र लागते आणि प्रमाणपत्रासाठी आधी स्पर्धेला जावे लागते. महाविद्यालयाने पैशांअभावी संघ पाठवला नाही, तर खेळाडूचा फक्त एक सामना हुकत नाही.

आज या तयारीसाठी मुले पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात. अंतर मोजायला मोबाइल असतो, गोळा कसा फेकायचा हे व्हिडिओवर पाहतात. ज्यांना परवडते ते नाशिकच्या खासगी अकादमीत पैसे भरतात. हे काम महाविद्यालयाच्या जिमखान्याचे आहे.

मग करायचे काय?

अमेरिकेत तिसऱ्या श्रेणीत खेळणारी छोटी महाविद्यालये क्रीडा शिष्यवृत्ती देत नाहीत, तरीही संघ पोसतात, कारण खेळायला मिळते म्हणून विद्यार्थी तिथे शुल्क भरून प्रवेश घेतात. सुरगाण्यात हे गणित लागू पडणार नाही. इथे खेळाडू महाविद्यालयाला पैसा मिळवून देत नाही आणि तशी अपेक्षाही चुकीची. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीत ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणाला कायद्याने जागा आहे, पण तो निधी बहुधा कारखान्याच्या आसपास घुटमळतो, आणि कारखाने सातपूर, अंबड, सिन्नरला आहेत.

पहिली दुरुस्ती सोपी आहे. विद्यापीठाने क्रीडा शुल्काच्या आपल्या वाट्यातून महाविद्यालयांना अंतरानुसार प्रवासखर्च द्यावा, तोही स्पर्धेआधी. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण अशा तालुक्यांतील मोजक्या महाविद्यालयांसाठी ही रक्कम विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात जाणवणारही नाही. दुसरी गोष्ट आदिवासी विकास विभागाची. सुरगाण्यासाठी कळवणचे प्रकल्प कार्यालय आहे. आश्रमशाळेत राज्य पातळीवर खेळलेल्या मुलीला पदवीची तीन-चार वर्षे वसतिगृहात प्राधान्य आणि सरावाच्या काळात आहारभत्ता देणे त्याला अशक्य नाही. आणि प्रत्येक महाविद्यालयाला संचालक देता येत नसेल, तर दोन-तीन महाविद्यालयांत मिळून एक तरी द्यावा.

महाविद्यालयांनीही आपल्याकडे पाहायला हवे. जिमखान्याचा पैसा मार्चअखेरीस साहित्य खरेदीच्या बिलात आणि बक्षीस समारंभाच्या मंडपात संपवायची सवय अनेक ठिकाणी आहे. विद्यार्थिसंख्या आणि जिमखान्याचा जमाखर्च सूचनाफलकावर लावला, तर प्रवासखर्च मागताना त्यांच्या शब्दाला वजन येईल.

शेवटी सामन्यांच्या जागेचा प्रश्न. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक मॅटवर खेळला गेला आणि भारताच्या महिला व पुरुष अशा दोन्ही संघांनी तो जिंकला. महाविद्यालयीन विभागीय फेरीला मात्र २७ बाय १६ मीटरची सपाट जागा, दोन खांब आणि आखायला चुना पुरतो. एवढे सुरगाण्यात आहे, कळवणलाही आहे. खो-खोची विभागीय फेरी एखाद्या वर्षी, पाऊस थांबल्यावर, इथे ठेवली तर नाशिकच्या संघांना पहाटे अंधारात निघावे लागेल आणि पुढच्या वर्षीच्या बैठकीत प्रवासखर्चाचा विषय कोणाला समजावून सांगावा लागणार नाही.