‘केला रे!’

भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. कारखान्याच्या नोकरीसाठी विदर्भातली कितीतरी मराठी घरं तिकडे गेली आणि तिथलीच झाली. आता अशा अनेक घरांतली मुलं पुण्याला, नाहीतर थेट परदेशी. आई-वडील मात्र भिलाईतच. रात्री फोन येतो. मुलाचा प्रश्न ठरलेला, ‘बाबा, हाताचा व्यायाम केला का?’ उत्तरही ठरलेलं, ‘केला रे!’ (केलेला नसतो.)

अर्धांगवायूनंतर नेमकी हीच अडचण येते. हात पुन्हा चालता व्हायचा, तर तीच ती हालचाल शेकडो वेळा करावी लागते. ‘अजून दहा वेळा’ असं न कंटाळता सांगणारं माणूस रोज कुठून आणायचं?

अमेरिकेतल्या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात माया मातारिच यांनी हे काम यंत्रमानवाकडे सोपवून पाहिलं. हा यंत्रमानव रुग्णाचा हात धरत नाही, त्याला उचलत नाही. जवळ उभा राहतो, बघतो, मोजतो आणि बोलतो. बस्स! त्यांच्या प्रयोगांत एक मजेदार गोष्ट दिसली. बोलक्या स्वभावाच्या माणसांना दरडावणारं यंत्र पसंत पडलं, तर अबोल माणसांना गोंजारणारं. म्हणजे यंत्रालाही घरातल्या सुनेप्रमाणे माणूस ओळखूनच बोलावं लागतं!

जपानच्या ताकानोरी शिबाता यांचा ‘पारो’ तर बोलतही नाही. सीलच्या पांढऱ्याशुभ्र पिल्लासारखा दिसणारा हा पारो कुरवाळलं की डोळे मिटतो, हाक मारली की मान वळवतो. कुत्रा-मांजर न करता सीलच का? खऱ्या सीलशी तुलना करायला तो कुणी पाळलेला असतो कुठे!

पण सगळ्यांनाच हे रुचलं असं नाही. एक वृद्धा पारोपाशी आपलं दुःख सांगत बसली होती. ते पाहून एमआयटीच्या शेरी टर्कल अस्वस्थ झाल्या. ऐकणाऱ्याला काहीच कळत नसेल, तर ती सोबत कसली, असा त्यांचा सवाल. तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. मात्र व्यायाम मोजणाऱ्या यंत्राला तो तितकासा लागू पडत नाही.

२०१६ पासून भिलाईच्या नावाची आयआयटीही आहे. उद्या तिथल्या एखाद्या तरुणाने असं यंत्र बनवलं, तर त्याला हिंदी, छत्तीसगढी आणि घरातली वऱ्हाडी वळणाची मराठी समजावी लागेल. ‘केला रे’मधली थाप तर कॅमेरा क्षणात पकडेल. ती मुलाला कळवायची की नाही, हे मात्र आधी बाबांना विचारावं लागेल.