अर्थशास्त्राच्या तासाची पावती

सत्र संपत आले की महाविद्यालयांत विद्यार्थ्यांकडून अभिप्रायाचे फॉर्म भरून घेतात. नॅक या संस्थेच्या मूल्यांकनात विद्यार्थ्यांच्या समाधानाची पाहणी आल्यापासून या फॉर्मचे वजन वाढले आहे. सर वेळेवर येतात का, अभ्यासक्रम पुरा झाला का, हे विचारलेच पाहिजे. पण अर्थशास्त्राच्या शिक्षकाची खरी पावती तेवढ्यात मिळत नाही.

तशी पावती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मिळाली होती. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. हा अस्पृश्य माणूस आपल्याला काय शिकवणार, अशी सुरुवातीला मुलांची भावना होती. काही सहकाऱ्यांनी तर प्राध्यापकांच्या माठातले पाणी त्यांनी घेण्यालाही हरकत घेतली. पण थोड्याच दिवसांत त्यांच्या तासाला दुसऱ्या कॉलेजांतली मुलेही येऊन बसू लागली. आपल्या पायांनी वर्गात आलेल्या त्या मुलांहून मोठा अभिप्राय कोणता?

त्याच वर्षी त्यांचा हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवरचा निबंध प्रसिद्ध झाला. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्यावर राबणारे हात आणि घातलेले भांडवल यांचा मेळ पाहावा लागतो. जमिनीवर अडकलेल्या जादा हातांना उद्योगांत काम मिळाल्याशिवाय नुसते तुकडे जोडून भागणार नाही, असे त्यांनी मांडले.

हा निबंध पोलादपूर तालुक्यातल्या मुलांनी वाचायला हवा. तिथले उमरठ गाव म्हटले की तानाजी मालुसऱ्यांची समाधी डोळ्यांपुढे येते, आणि ते योग्यच आहे. पण या डोंगरपट्ट्यातल्या घरांचा सातबाराही एकदा उघडून पाहावा. काही गुंठ्यांचे भातखाचर, वर नाचणी-वरीची वरकस जमीन आणि त्यावर चुलत्या-पुतण्यांच्या नावांची लांब रांग. त्यातले निम्मे मुंबईला. गावचे घर त्यांच्या पगारावर चालते आणि शेताला माणूस मिळत नाही. जवळच महाडला एमआयडीसी असताना तरुण मुंबईची गाडी का धरतात? कौशल्य कमी पडते, पगार पुरत नाही, की कामच कंत्राटी? हा प्रश्न ज्या वर्गात निघेल, तिथे मागणी-पुरवठ्याचे आलेख पाठ करून घ्यावे लागणार नाहीत.

विद्यापीठाचा अभ्यासक्रम एकट्या शिक्षकाला बदलता येत नाही, हे खरे. उदाहरण मात्र त्याच्या हातात असते. महाड-पोलादपूरच्या प्राध्यापकांना एवढीच विनंती आहे: येत्या सत्रात एक तास मुलांच्या घरच्या सातबाऱ्यावर घ्या, आणि अभिप्रायाच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढवा. हा विषय शिकल्यावर तुमच्या घरचा हिशेब तुम्हाला मांडता येतो का?