जुन्या गाडीला नवा रंग कशाला?



‘जुन्या मोटारीचे आत्मवृत्त’ हा निबंध तुम्ही कधी ना कधी तपासला असेल, नाहीतर घरी मुलांकडून लिहून घेतला असेल. त्याचा साचा ठरलेला. गाडी कारखान्यात जन्माला येते, प्रेमळ मालकाकडे जाते, म्हातारी होते, अंगणात धूळ खात पडते. मग कोणीतरी येऊन तिला चकचकीत रंग देतो, नव्या सीटा बसवतो आणि ‘मी पुन्हा तरुण झाले’ असं म्हणत ती आपला निरोप घेते. इतकी वर्षं मीही या शेवटाला चांगले गुण देत आले. आता तो वाचला की हातातलं लाल पेन थांबतं. कारण हाच शेवट मी आमच्या घरच्या गाडीवर प्रत्यक्ष घडवला आहे.

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, १९६८ची फियाट ११०० होती. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली, आणि आमच्याकडे आली ती सेकंडहँड. याच गाडीला पुढे पद्मिनी हे नाव मिळालं. नवी फियाट हवी असेल तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचा तो काळ. त्यामुळे जुनी मिळाली तरी पेढे वाटले गेले.

तिचं आकर्षण नेमकं कशात होतं? वेगात नक्कीच नाही, १०८९ सीसीचं ते इंजिन. पण गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला असल्यामुळे पुढे तिघं दाटीवाटीनं बसायचे आणि मधली जागा कायम माझी. थंडीच्या सकाळी अण्णा चोक ओढून गाडी चालू करायचे. चोक किती ओढायचा आणि कधी आत ढकलायचा, हे कानानं कळायचं. पुढच्या दारांना तिकोनी काच होती. ती फिरवली की वारा थेट तोंडावर. बॉनेट उघडलं की रेडिएटर, कार्बोरेटर, पट्टा सगळं डोळ्यांना दिसायचं. आजच्या गाडीचं बॉनेट उघडून नववीच्या मुलाला काय दाखवणार? वरचं प्लास्टिकचं झाकण? मला वाटतं जुन्या गाड्यांची खरी ओढ इथेच आहे. त्या कशा चालतात ते बघून समजतं.

२००६ साली मी हौसेनं ती गाडी ‘नवी’ करून घेतली. मेटॅलिक रंग, नव्या रेक्झिनच्या सीटा, गिअर खाली जमिनीवर आणि दुसऱ्या गाडीचं इंजिन. गॅरेजवाल्याला दोष देणार नाही, त्याला हे सगळं मीच सांगितलं होतं. गाडी घरी आली तेव्हा अण्णा ड्रायव्हरच्या जागेवर बसले. त्यांचा डावा हात सवयीनं स्टिअरिंगकडे गेला आणि तिथे काहीच नव्हतं. ‘छान झालीय हो,’ म्हणाले आणि उतरले. पुन्हा त्यांनी ती चालवली नाही.

काढलेलं सामान भंगारात गेलं होतं. मी विचारलंसुद्धा नव्हतं.

हा काही नुसता हळवेपणा नाही. २०२१ साली केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. ५० वर्षांहून जुनी गाडी असेल तर तिला ‘व्हीए’ अक्षरांची खास नोंदणी मिळते. अट अशी की गाडी मूळ रूपात जपलेली हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरबदल केलेले नकोत. आमची फियाट वयात बसते, पण अटीत नाही.

दिल्लीत लालबहादूर शास्त्रींच्या स्मारकात त्यांची फियाट ठेवलेली आहे. पंतप्रधान असताना त्यांनी ती १२,००० रुपयांना घेतली, त्यातले ५,००० बँकेचं कर्ज काढून. त्यांच्या निधनानंतर ते कर्ज ललिताबाईंनी पेन्शनमधून फेडलं. त्या गाडीला कोणी अलॉय व्हील आणि मेटॅलिक रंग चढवला असता तर? गोष्ट पाटीवर राहिली असती, गाडीत दिसली नसती.

आता तुम्ही म्हणाल, बाई, मग गंजू द्यायची का? अजिबात नाही. ब्रेक, टायर, वायरिंग, रबरी नळ्या बदलायलाच हव्यात, तिथे भावनेला जागा नाही. गंज थांबवायलाच हवा. पण जे चालू आहे, नुसतं जुनं दिसतंय, ते का काढायचं? रंग एकदा खरवडला की कारखान्यातला रंग परत येत नाही. त्याच छटेचा डबा मिळेल, पण तो आजचा रंग असेल.

आणि ‘मूळ’ म्हणजे शोरूममधून निघाली तशीच, असाही हट्ट नको. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी घ्या. शेवटची टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, म्हणून २०२३च्या ऑक्टोबरअखेर त्या रस्त्यावरून गेल्या. अशी एखादी टॅक्सी जपायची असेल तर टपावरचं कॅरिअर, मीटर, छताला आतून लावलेलं फुलाफुलांचं कापड, सीएनजीची टाकी हे सगळं जपायला हवं. कारखान्यातून यातलं बरंचसं आलं नव्हतं, पण तिचं आयुष्य त्यातच गेलं. माझं मेटॅलिक रंगकाम या हिशेबात का बसत नाही, असं माझ्या भाच्यानं विचारलं. टॅक्सीवाल्यानं गरजेपोटी केलं, मी दाखवण्यासाठी केलं, एवढंच उत्तर मला देता आलं. ते पुरेसं आहे की नाही, तुम्ही ठरवा.

पालकांनो, तुमच्या घरी आजोबांची गाडी, स्कूटर, अगदी सायकल उभी असेल तर गॅरेजला देण्याआधी मुलांना तिच्याजवळ बसवा. कुठला ओरखडा कधीचा, सीट कुठे आणि कशी फाटली, हे आजोबांना विचारून त्यांना लिहू दे. सगळ्या बाजूंनी फोटो काढा. आणि जे काढाल ते पोत्यात भरून, नाव घालून माळ्यावर ठेवा.

यंदा नववीला मी पुन्हा तोच निबंध दिला आहे. अट एकच: शेवटी गाडीला रंग लावायचा नाही. वर्गात जरा कुरकुर झाली. एकानं विचारलं, ‘मग बाई, शेवट कसा करायचा?’ वह्या शुक्रवारी येणार आहेत.