विजेरींतील लिथियमचा सेल : शिल्लक किती?

मोरोपंतांची बारामती आणि तिच्या पूर्वेचें इंदापूर या भागांतील पुष्कळ जमीन नीरा डाव्या कालव्यानें ओलिताखालीं आणिली. येथें पाळी कालव्याच्या पाण्याची असो वा शेतीपंपाच्या विजेची, ती कित्येकदां रात्रींच येते. उसाला दारें धरावयास घरचा मुलगा किंवा गडी निघतो, तेव्हां त्याच्या एका हातांत खोरें व दुसऱ्या हातांत विजेरी असते. मण्यारीसारखा अत्यंत विषारी साप रात्रींच हिंडतो. म्हणून विजेरींतील सेल अजून किती टिकेल, हा प्रश्न केवळ काटकसरीचा नाहीं. लहान पण प्रखर विजेऱ्यांत जे एकदांच वापरावयाचे लिथियमचे सेल घालतात, त्यांची परीक्षा कशी करावी, याचा आज आम्ही विचार करणार आहों.

जुन्या पद्धतीचा जस्ताचा सेल संपत आला कीं प्रकाश पिवळा व मंद होतो. तो सांगूनसवरून गरीब होतो. लिथियमचा सेल मात्र अखेरच्या पैपर्यंत श्रीमंतीचा थाट राखतो आणि मग एकाएकीं दिवाळें काढतो. त्याचा दाब बहुतेक आयुष्यभर जवळजवळ समान राहतो. शिवाय कांहीं विजेऱ्यांतील यंत्रणाच प्रकाश एकसारखा ठेविते. तेव्हां उजेड पाहून शिल्लक ओळखण्याची आपली जुनी रीत येथें फसते.

सी. आर. १२३ ए या जातीचा सेल ३ व्होल्टचा म्हणून विकला जातो. मल्टिमीटर डी. सी. व्होल्टच्या खुणेवर ठेवून मोजल्यास नवा सेल सुमारें ३.२ व्होल्ट दाखवितो. ३ च्या खालीं आलेला बहुधा संपत आलेला समजावा. परंतु एवढ्यावर विसंबूं नये. थकलेला बैलही विसावा मिळाल्यावर ताठ उभा राहतो. त्याची ताकद औताला जुंपल्यावरच कळते. यासाठीं दहा ओहमचा, दोन वॅटचा रोधक विजेच्या दुकानांतून आणावा. तो सेलच्या दोन्ही टोकांस पांच सेकंद लावून त्याच वेळीं दाब मोजावा. प्रथम नव्या सेलचा आंकडा टिपून ठेवावा आणि जुन्याची त्याच्याशीं तुलना करावी. ज्याचा दाब ठळकपणें अधिक उतरेल, तो रात्रीच्या कामास निरुपयोगी. मीटरचा कांटा अँपिअरच्या खुणेवर ठेवून मात्र सेल कधींही तपासूं नये. त्यानें सेलची दोन टोकें थेट जोडल्यासारखीं होतात.

दुसरा उपाय वहीचा. या सेलांत सुमारें दीड अँपिअर-तास सांठा असतो. अर्धा अँपिअर घेणारी विजेरी त्यावर तीनेक तास चालेल. सेल घातल्याची तारीख व वापराचे तास लिहून ठेविले, तर मीटरला जें सांगतां येत नाहीं तें वही सांगते.

दोन सेलांच्या विजेरींत एक नवा व एक जुना घालणें ही काटकसर फार महाग पडते. दुबळा सेल आधीं संपतो. मग सबळ सेल त्यांतून प्रवाह लोटीतच राहतो, दुबळा सेल तापतो, आणि प्रसंगीं फुटून विषारी वाफ सोडतो. म्हणून जोडी एकाच कंपनीची, सारख्या आंकड्याची असावी व दोन्ही सेल एकदमच बदलावे. हे सेल पुन्हा भारित करण्याचा प्रयत्न कधींही करूं नये. संपलेल्या सेलांच्या टोकांस चिकटपट्टी लावून ते मुलांपासून दूर ठेवावे, चुलींत टाकूं नयेत. २०२२ च्या सरकारी नियमांनीं वापरलेले सेल परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर घातली आहे.

अर्धवट वापरलेली जोडी माळ्यावर किंवा कोठीच्या खोलींत वस्तु शोधावयास खुशाल वापरावी. शेतावर जाणाऱ्यास मात्र तपासलेली जोडी द्यावी, आणि एक नवी जोडी डबींत घालून खिशांत द्यावी. वीज पहांटे गेली तरी त्याला बांधावरून घरापर्यंत उजेडांत येतां आलें पाहिजे.